मदत हवी आहे : 'डेस्टिनी'च्या २०१५ मधल्या किंमतवादावर लेख लिहितोय, तेव्हाचे खेळाडू आहेत का इथे?

पार्कचौक

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय. विषय मीच सुचवला, व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचा राग. संपादक काका साठीच्या पुढचे, कवितेतला माणूस, तरी "येऊ दे काहीतरी नवीन" म्हणाले. मसुदा वाचून त्यांनी समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहून परत दिला : 'किंमत दुकानदाराची, घेणं न घेणं गिऱ्हाइकाचं. यात चिडण्यासारखं काय?'

प्रश्न साधा आहे आणि मला त्याचं सरळ उत्तर लिहिता येईना. काकांसमोर हात हलवत दहा मिनिटं बोललो, त्यांनी चहा संपवला आणि "हेच लिहून आण" म्हणाले. म्हणून इथे आलोय.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'हेलो' बनवणाऱ्या बंजी कंपनीचा 'डेस्टिनी' सप्टेंबर २०१४ मध्ये आला. प्रकाशक ॲक्टिव्हिजन. फक्त कन्सोलवर (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र), पीसीवाल्यांनी दुरून बघायचं. अमेरिकेत मूळ गेम ६० डॉलर. त्यावर 'द डार्क बिलो' आणि 'हाऊस ऑफ वुल्व्ज' ही दोन एक्सपान्शन्स (मूळ गेमला जोडायचे विकतचे नवे भाग), प्रत्येकी २० डॉलर, दोन्हींचा पास एकदम घेतला तर ३५. मग जून २०१५ च्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात तिसऱ्या, सगळ्यात मोठ्या एक्सपान्शनची घोषणा झाली : 'द टेकन किंग', १५ सप्टेंबरला येणार, किंमत ४० डॉलर.

४० वर कुरकुर झाली, पण ती नेहमीची. भडका उडाला तो ८० डॉलरच्या कलेक्टर्स एडिशनवरून (सगळं एकत्र असलेली खास पेटी). तिच्यात मूळ गेम, दोन्ही जुनी एक्सपान्शन्स, 'टेकन किंग', आणि शिवाय प्रत्येक क्लाससाठी (पात्राचा प्रकार) खास इमोट (म्हणजे पात्राचा नाच किंवा हावभाव), शेडर (चिलखताचे रंग) आणि एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, वाढवणारे क्लास आयटम (त्या क्लासची खास वस्त्रं). या शेवटच्या वस्तू सुट्या मिळणार नव्हत्या. ज्याच्याकडे गेम आणि दोन्ही एक्सपान्शन्स आधीच आहेत, त्याला त्या हव्या असतील तर सगळं परत विकत घ्यायचं.

त्यात ती मुलाखत. ब्रिटनच्या युरोगेमर या गेमविषयक संकेतस्थळाने बंजीचा क्रिएटिव्ह डायरेक्टर ल्यूक स्मिथला दोन गोष्टी विचारल्या. अमेरिकेत ४० डॉलर आणि आमच्याकडे ४० पाउंड, असं का? (पाउंड तेव्हा दीड डॉलरच्या वर होता.) आणि जुन्या खेळाडूने तेच सामान पुन्हा का घ्यावं? स्मिथच्या उत्तराचा आशय असा की इमोट इतके भारी आहेत की आत्ता व्हिडिओ लावून दाखवला तर तुम्ही स्क्रीनवर पैसे फेकाल. मग काय, आठवडाभर सगळीकडे त्या 'स्क्रीनवर पैसे फेका'चीच चेष्टा चालली. त्याच सुमारास रेड बुलच्या डब्यांवर कोड देऊन खास क्वेस्ट (गेममधली कामगिरी) आणि एक्सपी देण्याची जाहिरातही निघाली होती, तिनेही तेल ओतलं. काही दिवसांतच स्मिथने बंजीच्या साप्ताहिक पोस्टमध्ये दिलगिरी व्यक्त केली आणि त्या डिजिटल वस्तू २० डॉलरला वेगळ्या देऊ असं जाहीर झालं.

आता मला हवी असलेली मदत. २०१५ मध्ये इथे, भारतात, प्रत्यक्ष खेळत असलेल्या कुणाला तेव्हा नेमकं काय टोचलं? माझं मत असं की मुलाखत झाली नसती तरी राग आलाच असता, कारण मूळ दुखणं किमतीच्या रचनेत होतं. पण हे ठामपणे कसं म्हणू? आणि काकांसारख्या वाचकासाठी एक उदाहरण लिहिलंय, ते चालेल का बघा : तुमच्या घरी सोलापुरी चादर आहे. दुकानात तीच चादर नव्या गोंड्यांची आली. गोंडे सुटे देत नाहीत, हवे असतील तर अख्खी चादर पुन्हा घ्या म्हणतात.

रात्रपाळी

काय बे, दिवाळी अंकात डेस्टिनी! वाचून लई बरं वाटलं.

मी तेव्हा विजापूर रोडला राहत होतो. आमचा सहा जणांचा गट होता, तीन सोलापूरचे, दोन पुण्याचे, एक हुबळीचा. सहाच का, तर रेडला (गटाने खेळायची अवघड मोहीम) सहा लागतात आणि रेडसाठी मॅचमेकिंग, म्हणजे गेमने आपोआप साथीदार जोडून देणं, नव्हतं. गडी स्वतःच जमवायचे. सगळ्यांच्या ड्युट्या, घरचे, लाईट, नेट, हे सगळं जुळून 'व्हॉल्ट ऑफ ग्लास' या रेडला बसायचं म्हणजे एखादं लग्न ठरवल्यासारखंच काम. अपडेट आलं की ब्रॉडबँडचा महिन्याचा कोटा त्यातच जायचा, मग उरलेला महिना रांगत खेळायचं.

टोचलं काय ते सांगतो. पहिल्या वर्षी गेमची कथा कुणाला धड कळली नव्हती, लूट (बक्षिसाची शस्त्रं, चिलखतं) मिळेना, लोक सोडून चालले होते. आम्ही टिकलो. मूळ गेम ६०, पास ३५, आता वर ४०, म्हणजे १३५ डॉलर. आणि सप्टेंबरमध्ये नवा येणारा माणूस ६० डॉलरची लेजंडरी एडिशन घेऊन तेवढंच सगळं खेळणार. डॉलर तेव्हा ६४ रुपयांच्या आसपास होता, तुम्हीच करा हिशोब. हे लिहा लेखात. १३५ विरुद्ध ६०.

निखारा

रात्रपाळी, मीही त्या वर्षी पैसे भरलेत, त्यामुळे राग समजतो. पण पार्कचौक, तो १३५ विरुद्ध ६० चा हिशोब मुख्य मुद्दा म्हणून घालू नका. संपादक एका वाक्यात उडवतील. उशिरा येणाऱ्याला स्वस्त मिळतं, हे सगळीकडेच आहे. शिवाय तुम्ही एक वर्ष आधी खेळलात, त्याचं काहीच नाही का?

काकांच्या वाक्याला खरं उत्तर तुमच्याच मजकुरात दडलंय. 'घेणं न घेणं गिऱ्हाइकाचं' हे कधी खरं? वस्तू विकायला ठेवली असेल तेव्हा. इथे जुन्या खेळाडूला इमोट हवे होते, तो पैसे द्यायला तयार होता, आणि ते घ्यायला काउंटरच नव्हता. तीन वस्तू आधीच घरी असताना इमोटसाठी त्या तीनही पुन्हा घ्या, एवढाच रस्ता. ही किमतीची तक्रार नाही. महाग असतं तर लोक नाक मुरडून गेले असते. म्हणून तर कंपनीने शेवटी किंमत उतरवली नाही. कलेक्टर्स एडिशन ८० चीच राहिली, 'टेकन किंग' ४० चाच राहिला. फक्त सुट्या विक्रीचा रस्ता उघडला, २० डॉलरला. 'तीन नाचांचे वीस?' अशी कुरकुर तेव्हाही झाली, पण ती घ्यावं की नको या जातीची होती. म्हणजे काकांना हवी तशीच.

चादरीचं उदाहरण याच कारणासाठी बरोबर आहे. ठेवा.

मंगळवेढेकर

मी काकांच्या बाजूने. चादर ऊब देते, इमोट काय देतो? नाच नाही मिळाला म्हणून कुणाचं काय अडलं? इथे मोर्चा काढल्यासारखं लिहू नका. आणि एका माणसाला आठवडाभर सोलून काढलं, त्याबद्दल लेखात काही आहे का नाही? क्रिएटिव्ह डायरेक्टर हा गेम कसा असावा ते बघणारा माणूस. पेटीत काय घालायचं, किती डॉलर लावायचे, कुठल्या देशात कोणता आकडा छापायचा, हे एकटा तो ठरवत असेल असं कुणाला वाटतं? दर ठरवणारी माणसं माइकसमोर बसत नाहीत. बसतो तो, ज्याला आपल्या कामाचं कौतुक सांगायचं असतं. त्याला कौतुकाऐवजी बिल दाखवलं की तो असंच काहीतरी बोलून जाणार.

निखारा

शेवटचं पटलं, आणि ते लेखात यायलाच हवं. फक्त एक भर घालतो. स्मिथ बंजीत जाण्याआधी स्वतः गेम पत्रकार होता, वन-अप आणि कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळांसाठी लिहायचा. म्हणजे समोरचा हा प्रश्न का विचारतोय हे त्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. दिलगिरीतही त्याचा सूर साधारण तोच होता, की आपलीच मुलाखत वाचताना कुणी तिऱ्हाईत खवचट डेव्हलपर बोलतोय असं वाटलं. पुढे हाच माणूस 'डेस्टिनी २'चा गेम डायरेक्टर झाला, तेव्हा सोललं वगैरे ठीक आहे, पण करिअर काही बुडालं नाही.

मंगळवेढेकर, इमोट काय देतो हा प्रश्न मात्र गैरलागू आहे. टॉवरमध्ये (गेममधली खेळाडूंच्या जमण्याची जागा) सगळे एकमेकांसमोर उभे असतात, कुणाकडे काय आहे ते दिसतं. दिसण्यासाठीच विकलं होतं ते. कंपनीला त्याचं मोल माहीत होतं, नाहीतर ८० च्या पेटीत आमिष म्हणून ठेवलं नसतं.

अक्कलकोट_रोड

मी डेस्टिनी खेळलेलो नाही, पण 'मुलाखत नसती तर?' या प्रश्नावर मदत करू शकतो. दुसरी प्रकरणं शेजारी ठेवून बघा.

मुलाखत नाही, फक्त वस्तू आणि किंमत : 'सिटीज स्कायलाइन्स २' या शहर वसवण्याच्या गेमची 'बीच प्रॉपर्टीज' ही विकतची जोड, मार्च २०२४. मूळ गेमच नीट चालत नव्हता, लोक दुरुस्तीची वाट बघत होते, आणि कंपनीने १० डॉलरला घरं आणि झाडं विकायला काढली, त्यातही धड किनारा नाही. कुणीही उद्धट बोललं नव्हतं. तरी पुढच्याच महिन्यात कंपनीला माफी मागून ते फुकट करावं लागलं आणि परतावे द्यावे लागले.

उलट बाजू, किंमत ठरलेलीच नाही, फक्त बोलणं : मे २०२५ मध्ये 'बॉर्डरलँड्स ४' ८० डॉलरचा होईल का असं एकाने विचारलं, तर तो गेम बनवणाऱ्या गिअरबॉक्सच्या रँडी पिचफर्डने सोशल मीडियावर लिहिलं की खरा चाहता असशील तर काहीतरी करून जमवशील. पेटलंच. गेम शेवटी ७० ला आला.

आणि बोलणं आणि धोरण दोन्ही : जून २०१३, मायक्रोसॉफ्टच्या नव्या कन्सोलला, एक्सबॉक्स वनला, इंटरनेट लागणार म्हणून गदारोळ चालू असताना कंपनीच्या डॉन मॅट्रिकने मुलाखतीत सांगितलं की ज्यांना नेट मिळत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे एक वस्तू आहे, तिचं नाव एक्सबॉक्स ३६०, म्हणजे आधीचाच जुना कन्सोल. त्याच महिन्यात धोरण मागे घेतलं.

मला यातून दिसतं ते असं : नुसत्या किमतीवर राग येतो, नुसत्या बोलण्यावरही येतो. पण नुसत्या बोलण्यावरचा राग थट्टेत विरून जातो. कंपनी हलते ती रचनेत खरंच काही खुपत असेल तेव्हा. मुलाखत एवढंच करते, की सगळ्यांना एकाच दिवशी एकच वाक्य मिळतं ओरडायला. तुमचं मत बरोबर आहे, पण 'मुलाखत गौण' असं लिहू नका.

रात्रपाळी

हे बेष्ट. आमच्या गटातले पुण्याचे दोघं तोपर्यंत फोरमवर काही वाचत नव्हते. ते स्क्रीनवर पैसे फेकायचं वाक्य त्यांना व्हॉट्सॲपवर आलं आणि मग त्यांनी किंमत बघितली. आधी बघितलीच नव्हती!

आणि निखारा, वर्षभर आधी खेळलो त्याचं मोल आहे, मान्य. पण माझा राग अजून हाय. राहू दे की थोडा.

पार्कचौक

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री काकांना फोन करून निखारा यांचा मुद्दा सांगितला, की गिऱ्हाइकाला न घेण्याचा हक्क होता, हवं तेवढंच घेण्याचा नव्हता. काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आमच्या वेळी एका पुस्तकासाठी अख्खा संच घ्यायला लावायचे, मीही भांडलो होतो." लेख घेतलाय. त्यांनी मर्यादा मात्र बाराशे शब्दांची घातली, मसुदा दोन हजारांचा आहे.

तर आता ठरवलंय असं : लेखाचा कणा सुट्या विक्रीचा. १३५ विरुद्ध ६० एका परिच्छेदात, तेही रागाचं कारण म्हणून, अन्यायाचा पुरावा म्हणून नाही. मंगळवेढेकर यांचा 'माइकसमोर कोण बसतो' हा भाग पूर्ण घेतोय. 'टेकन किंग' आल्यावर त्याचं कौतुकही झालं, खपलाही जोरात, आणि चिडलेल्यांपैकी बरेच परत खेळायला आले, हेही लिहितोय. ते लपवलं तर लेख लबाड होईल. अक्कलकोट_रोड यांच्या तीनपैकी 'बीच प्रॉपर्टीज' आणि 'बॉर्डरलँड्स' ठेवतो, एक्सबॉक्स काढतो, कारण ते किमतीचं प्रकरण नाही आणि काकांना कन्सोल म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल. रेड बुल ठेवू की काढू?

निखारा

काढा. मजेशीर आहे, पण त्यावर आणखी दीडशे शब्द जातील. ४० पाउंडवाला प्रश्न मात्र काढू नका. एकच आकडा दोन चलनांत छापणं हे भारतातल्या वाचकाला लगेच कळेल.

पार्कचौक

बरोबर. शुक्रवारपर्यंत नवा मसुदा इथेच टाकतो, मंगळवेढेकर यांनी आधी वाचावा ही विनंती. रात्रपाळी, गटाचा किस्सा वापरला तर चालेल का? लग्न ठरवण्यासकट?

रात्रपाळी

वापरा की. फक्त नाव घालू नका, विजापूर रोडही काढा. आमच्या घरी तो अंक येतो, वडील पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, आणि पीएस४ केवढ्याला घेतला होता ते त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.