मदत हवी आहे: सेप्टिक टँकच्या झाकणाला तडा, घरात लहान मुलं

घर चिपळूणजवळ, गावात. मागच्या पडवीला लागून सेप्टिक टँक, दोन कप्प्यांचा, अंदाजे सात बाय चार फूट. तोंड दोन बाय दोन, त्यावर शहाबादी फरशी. पावसाळ्यानंतर तिला आडवा तडा गेलाय. पाय दिला की 'टक्' वाजते. मुलगा तीन वर्षांचा, पुतणी पाच. दोघांना नेमकी तीच फरशी उड्या मारायला आवडते!

सध्या वर पत्रा टाकून चार चिरे ठेवलेत, पडवीच्या दाराला उंचावर कडी लावलीय. पण घरात सतत ये-जा, दार उघडं राहतंच. आईचं म्हणणं, वर तुळशीची मोठी कुंडी ठेव. मला ते पटत नाही. कुंडीच्या वजनाने तडकलेली फरशी आत गेली तर?

गवंडी म्हणतो, तोंड सिमेंटने कायमचं बंद करू. पण दोन-तीन वर्षांनी उपसायला मैला टँकर बोलवावा लागतो. वेल्डर तोंडाशीच फ्रेम जोडून देणार होता. आत मिथेन असतो म्हणून मी ठिणगी नको म्हटलं. व्हेंट पाइप चालू आहे, तो बंद करणार नाही.

कुलूप लावता येईल असं झाकण हवंय. बजेट पाच-सहा हजार. आरसीसीचं जड झाकण, बिडाचं की फायबरचं? आणि झाकण काढलेलं असताना मूल आत पडू नये म्हणून खाली लोखंडी जाळी बसवली, तर गॅसने ती किती वर्षं टिकते? कोणी बसवली आहे का?