मदत हवी आहे: पश्चिमेचा हॉल, समोर कूलर, बाबांच्या दिवसभर बातम्या आणि मला ओएलईडी घ्यायचाय

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा १२ वर्षं जुना ४३ इंची एलईडी आता जायला आलाय. चालू होतो, पण डाव्या कडेला वीतभर काळा पट्टा आलाय, त्यामुळे आईच्या सिरीयलमधे डावीकडे उभं राहणारं माणूस फक्त आवाजातूनच कळतं. बजेट दीड लाख, ओढूनताणून पावणेदोन. मागच्या रविवारी नागपुरातल्या सीताबर्डीच्या एका शोरूममधे गेलो तं तिथे ओएलईडी आणि साधा टीव्ही बाजूबाजूला लावून ठेवले होते, ओएलईडीवर रात्रीच्या आकाशाची क्लिप सुरू होती आणि काळं म्हणजे इतकं काळं की टीव्ही कुठे संपला नी मागची भिंत कुठून सुरू झाली तेच समजेना. घरी येऊन वाचत बसलो. यात मागून उजेड मारणारा बॅकलाईटच नसतो म्हणे, ४के म्हणजे ८२ लाखांच्या वर पिक्सेल आणि एकेक पिक्सेल स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो. तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलंय.

आता आमच्या घराचं ऐका. त्रिमूर्तीनगर, तिसरा मजला, वरती डायरेक्ट स्लॅब. हॉल पश्चिमेचा, गॅलरीचं दार काचेचं, दुपारी तीननंतर ऊन सरळ टीव्हीच्या भिंतीवर. बाजूच्या खिडकीत खसचा मोठा लोखंडी कूलर आणि त्याचा झोतही त्याच भिंतीवर, इतका की भिंतीवरचं कॅलेंडर मार्च ते जून फडफडतच असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाबा. रिटायर झाल्यापासून सकाळी साडेसहाला मराठी बातम्यांचं एक चॅनेल लागतं ते रात्री जेवणापर्यंत, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, आवाज बंद असला तरी चित्र सुरू पाहिजे. रिमोटला हात लावला की "मी पाहून राहिलो ना" म्हणतात, डोळे मिटलेले असतात ते वेगळं.

शोरूमवाला म्हणे बर्न-इन (एकाच जागच्या चित्राचा पडद्यावर कायमचा ठसा) वगैरे जुन्या गोष्टी झाल्या, आता काही होत नाही, बिनधास्त घ्या. त्याला ६५ इंची खपवायचा होता हे दिसतच होतं. तर या हॉलमधे ओएलईडी घेऊ की नको, ५५ की ६५ (सोफा ते भिंत ९ फूट, आतल्या खोलीत पलंग ते भिंत ७ फूट), आणि आत्ताच घेऊ की नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जाऊ देऊ? जीएसटी सप्टेंबर २०२५ मधेच २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे आता आणखी उतरेल म्हणून थांबण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

प्रतिसाद १

दादा, शोरूमवाल्याचं अर्धं खरं आहे. तुम्ही सिनेमे, मॅच, सिरीयल असं फिरतं पाहत असाल तर खरंच काही होत नाही, माझा ५५ चौथ्या वर्षात आहे, एक डाग नाही. पण काकाजींचा वापर म्हणजे ओएलईडीची नेमकी दुखरी नस आहे. बर्न-इन म्हणजे काही जळत नाही, यातलं सेंद्रिय मटेरियल जितकं पेटेल तितकं झिजतं. लाल पट्टीखालचे पिक्सेल रोज बारा तास एकच काम करणार आणि बाकीचे आरामात, मग दोनेक वर्षांनी सिनेमातल्या निळ्या आभाळात ती पट्टी भुतासारखी दिसणार.

आरटिंग्ज नावाची कॅनडातली टीव्ही टेस्ट करणारी साइट आहे, त्यांनी २०१८ मधे एलजीचे सहा सी७ घेऊन रोज वीस वीस तास चालवले. ज्यांच्यावर सीएनएन लावलं होतं त्यांच्यावर बातम्यांचे ठसे उमटले, ज्याच्यावर कॉल ऑफ ड्यूटी गेम सुरू होता तो स्वच्छ राहिला. पॅनेल आता बरेच सुधारलेत, पण झिजणं बंद झालेलं नाही. आणि हो, वॉरंटीचा कागद घेण्याआधी वाचा, बर्न-इन त्यात धरलंय का ते दुकानदाराच्या तोंडून नको, छापलेलं पहा.

प्रतिसाद २

भाऊ, बर्न-इनचं सोडा, मी तं म्हणतो कूलरचं पहा आधी! एलजीच्या मॅन्युअलमधे वापरायचं तापमान ४० डिग्रीपर्यंत आणि दमटपणा ८० टक्क्यांच्या खाली असं लिहिलेलं असते. आपल्याकडे मेमधे स्लॅबखालची खोली दुपारी चाळीसच्या खाली राहते का बाप्पा? आणि त्यावर कूलरचा ओला झोत. टीव्हीची जागा बदला नाही तं कूलरची. भिंत पश्चिमेच्या उन्हात भाजत असेल तं तिच्यावर चिकटवून लावू नका, मागे हवा खेळू द्या. काचेच्या दाराचं प्रतिबिंबही पडद्यात स्पष्ट दिसते, काळा सीन आला की सिनेमा कमी नी गॅलरीतले वाळत घातलेले कपडेच जास्त.

दुसरं, आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. ओएलईडीले ते चालत नाही. दिवसभरात मिळून चार तास चालला की रिमोटने बंद केल्यावर तो स्टँडबायमधे स्वतःचे पिक्सेल सावरून घेते, बटणच बंद केलं तं ते काम राहूनच जाते. माझ्या सासऱ्यांनी वर्षभर बटण बंद केलं आणि मग मलेच विचारते का चॅनेलचा लोगो सिनेमातही काऊन दिसते. पावसाळ्यात विजा कडाडल्या तेव्हा मात्र खुशाल प्लग काढा, छत्रीची केबलसुद्धा. स्टॅबिलायझरचा खर्च करू नका, हे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यापेक्षा चांगला स्पाइक गार्ड घ्या.

प्रतिसाद ३

हॉलमधे ओएलईडी नको. तिथे मिनी-एलईडी (मागून बारीक बारीक एलईडींचा बॅकलाईट असलेला) घ्या, उजेडात तोच बरा, बर्न-इनची भानगड नाही. ओएलईडीचाच जीव असेल तर आतल्या खोलीत लावा, ७ फुटांवर ५५ एकदम बरोबर बसतो. ६५ साठी ९ फूट ठीकच आहे, पण तो हॉल तुमचा नाही, काकाजींचा आहे. :)

लावल्यावर पहिलं काम म्हणजे एनर्जी सेव्हिंग बंद करा, नाहीतर दीड लाखाचा टीव्ही कंदिलासारखा दिसतो. पिक्चर मोड फिल्ममेकर किंवा सिनेमा ठेवा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, नजर बसते. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद, नाहीतर सिनेमाही सिरीयलसारखा दिसतो. साउंडबार असेल तर ईएआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारी सोय) लिहिलेल्या एचडीएमआयलाच जोडा. सॅमसंगमधे डॉल्बी व्हिजन (सीनप्रमाणे उजेड नी रंग जुळवणारा चित्राचा प्रकार) नसतं, एलजी-सोनीत असतं. नेटफ्लिक्सचं ४के फक्त प्रीमियम प्लॅनवर दिसतं. आणि साध्या एसडी चॅनेलवर कुठलाच टीव्ही चमत्कार करत नाही, उलट मोठ्या पडद्यावर चित्रातले सगळे दोष दिसतात.

उचलताना जपा. वरचा अर्धा भाग मोबाईलपेक्षा पातळ असतो. आमच्याकडे आलेल्या इन्स्टॉलेशनवाल्याने वरच्या कडेला धरून एकट्याने उचलला, कट्ट असा आवाज आला आणि उभी भेग. बदलून मिळायला दीड महिना गेला. दोन माणसं, खालून आणि बाजूने धरून, पडद्याच्या पोटावर बोटं अजिबात नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना घरात विषय काढला. बाबांना बर्न-इन समजावून सांगितलं की एकच चॅनेल सतत पाहिलं तर ते टीव्हीवर कायमचं छापलं जातं, तर म्हणे, "मग चांगलंच आहे की, लाईट गेली तरी दिसेल."

तर असं ठरलंय की ५५ चा ओएलईडी आतल्या खोलीत, तिथे एसी आहे आणि खिडकी उत्तरेची. हॉलमधे साधा ४३ एलईडी, पट्टी जितकी जळायची तितकी जळो. दोन्ही मिळून पावणेदोनच्या आत बसतंय. आई म्हणते तिच्या सिरीयल आतल्या टीव्हीवर, त्यामुळे मला सिनेमा रात्री दहानंतरच मिळणार असं दिसतंय.

आता एकच अडचण. काल टेप घेऊन लिफ्ट मोजली, आतून साडेतीन फूट खोल आहे, आणि दुकानात बॉक्स मोजला तं तो साडेचार फुटांच्या वर. बॉक्सवर तर उभाच ठेवा, आडवा करू नका अशी खूण आहे, मग लिफ्टमधे टोकावर उभा करून, म्हणजे लांब बाजू वर, चालतो का कोणी केलंय? नाहीतर नवतप्यात तीन मजले जिन्याने चढवावा लागेल, आणि डिलिव्हरीवाला आत्ताच म्हणून राहिलाय की त्याचं काम गेटपर्यंत.