निरीक्षणगृहातल्या मुलांना शिकवायचं आहे, सुरुवात कशी करू?

गणितवाले सर
गुन्ह्याच्या आरोपावरून आणलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात त्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात दर शनिवारी दीड तास शिकवायची परवानगी मिळाली आहे. १४ ते १७ वयाची साधारण २० मुलं असतील. शाळेत गणित शिकवलं आहे, पण इथे काय न्यावं आणि काय टाळावं? थेट दहावीचा अभ्यासक्रम घेऊ का?

पाटीपेन्सिल
सर, दहावी लगेच नको. निरीक्षणगृहात मुलं चौकशी चालू असेपर्यंतच असतात. या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळाने जामीन दिला की मूल घरी जातं, म्हणजे पुढच्या शनिवारी समोर कोण असेल हे आज सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक तास स्वतंत्र ठेवा. जे सुरू कराल ते त्याच दीड तासात पूर्ण झालं पाहिजे.

पहिल्या दिवशी वाचनाची पातळी बघा: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. एकेकाला बाजूला घेऊन तीन-चार मिनिटं पुरतात. सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. सोळा वर्षांचा मुलगा जोडाक्षराला अडला आणि बाकीचे हसले, तर तो पुन्हा तोंड उघडत नाही किंवा भांडण काढतो. गट पातळीप्रमाणे पाडा, वयाप्रमाणे नाही. मात्र अक्षरओळखीच्या गटालाही बालवाडीची पुस्तकं देऊ नका, ती त्यांना अपमानाची वाटतात. एसटीचं वेळापत्रक, क्रिकेटचा धावफलक, किराण्याचं बिल आणा. बाजारात किंवा मजुरीवर काम केलेली मुलं तोंडी हिशोबात पक्की असतात, कागदावर हातच्याची वजाबाकी आली की थांबतात. आधी तोंडी उत्तर घ्या, मग तेच मांडायला शिकवा.

नदीकाठ
साहित्याबद्दल सांगते. पिनांच्या आणि स्पायरलच्या वह्या, कंपासपेटी, शार्पनर यांतलं काही नको, कारण पिन, तार, टोक, ब्लेड सगळ्यांनीच इजा होऊ शकते. दोऱ्याने शिवलेल्या वह्या आणि घरून टोक करून आणलेल्या २५ पेन्सिली न्या. मुलांसमोर मोजून द्या, मोजून परत घ्या. एक जरी कमी भरली तरी झडती होते, आणि तो राग आठवडाभर वर्गावर निघतो.

‘काय केलंस म्हणून इथे आलास?’ हे कधीच विचारू नका. ‘आरोपी’, ‘अटक’ असे शब्द या मुलांबाबत वापरायचे नाहीत, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचंच तत्त्व आहे. स्वतःहून सांगू लागला तर चारचौघांत बोलू देऊ नका, वकिलांशी बोलायला सांगा. मारहाणीबद्दल सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याच दिवशी अधीक्षकांना कळवा. तक्रार कर्मचाऱ्याविरुद्ध असेल तर मंडळाला लेखी द्या.

‘आईला फोन लावा ना’ असं हमखास ऐकाल. फोन लावू नका, चिठ्ठीही बाहेर नेऊ नका. ‘परिविक्षा अधिकाऱ्यांना (मुलाच्या घरची माहिती मंडळाला देणारे अधिकारी) आज विचारतो’ म्हणा आणि खरंच विचारा. उत्तर नकारार्थी असलं तरी ते मुलाला येऊन सांगा. मोठ्यांनी दिलेला शब्द पाळल्याचा अनुभव यांतल्या पुष्कळांना फार कमी असतो. मंडळापुढच्या तारखेहून उतरलेल्या चेहऱ्याने आलेल्या मुलाला अभ्यासाचा आग्रह नको. वह्या वाटायचं काम द्या, जवळ बसू द्या.

मुक्तशाळा
वरचं सगळं पटतं, पण दहावी अगदीच बाजूला ठेवू नका. नववीत शाळा सुटलेला मुलगा तिथे असतोच. त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी सोयीची: वय १४ पूर्ण हवं, नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मधेच घरी गेला तरी केलेलं वाया जात नाही. अर्जावर निरीक्षणगृहाचा पत्ता घालू नका, अधीक्षकांशी बोलून घरचा द्या.

‘आता मला नोकरी कोण देणार?’ या प्रश्नाला नुसता धीर देऊ नका. बाल न्याय कायद्याचं कलम २४ समजावून सांगा: या कायद्याखाली दोषी ठरलं तरी त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद एकच, १६ वर्षं पूर्ण झालेलं मूल अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरल्यास.

गणितवाले सर
फार उपयोगी! शेवटी एकत्र फोटो काढला तर चालेल?

नदीकाठ
नाही. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा झाकलेला फोटोही समाजमाध्यमांवर नको, कपड्यांवरून आणि उभं राहण्यावरून वस्तीतले लोक ओळखतात. मोबाइल गेटवरच ठेवून आत जा.