पाणी ओसरल्यावरही लोकल का थांबते, आणि तोवर वस्तीने काय करावे?

प्रश्न (कुर्ला पश्चिम)
आमची चाळ मिठी नदीच्या जवळ आहे. परवाच्या पावसात खोल्यांत गुडघाभर पाणी शिरले आणि मध्यरात्री ओसरले, तरी कुर्ला-शीव दरम्यानच्या गाड्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुरळीत झाल्या नाहीत. दादरला घरकामाला जाणाऱ्या आमच्या बायकांचे खाडे झाले. रुळांवर पाणी दिसत नसताना गाड्या का अडवून ठेवतात? पुढच्या वेळेसाठी मंडळाने काय तयारी ठेवावी?

उत्तर (निवृत्त, रेल्वे सिग्नल विभाग)
आपला त्रास खरा आहे, पण पाणी उतरले म्हणजे मार्ग सुरक्षित झाला असे समजू नये. रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून क्षीण विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडीची चाके त्यावर आली की तो रिलेपर्यंत (सिग्नल बदलणाऱ्या विद्युत स्विचपर्यंत) पोहोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. चिखलाने माखलेली ओली खडीही हा प्रवाह वाटेतच गळू देते, त्यामुळे मोकळा मार्गसुद्धा व्यापलेला दिसतो. सांधे बदलणारी पॉइंट मशीन बुडाली असतील तर ती उघडून, सुकवून, पुन्हा तपासावी लागतात, आणि स्लीपरखालची खडी वाहून गेली आहे का हे गँगमनला चालत जाऊनच पाहावे लागते. या कामात घाई करा, अशी मागणी कृपया कोणी करू नये.

उत्तर (परळ)
पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवणे महत्त्वाचे आहे. महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा जून २०१७ मध्ये खुला झाला. मधल्या काळात शेजारच्या दुसऱ्या पुलाने महामार्गाची वाहतूक सांभाळली. आपल्याकडे घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून उन्नत मार्गावरून धावते, म्हणून घाटकोपर गाठता आले तर मेट्रोने अंधेरीला जाऊन पश्चिम रेल्वे पकडून दादरला पोहोचता येते. शिवाय २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात शंभर मिमीदेखील झाला नव्हता. त्यामुळे शहरभराचा अंदाज ऐकून निघण्यापेक्षा त्या त्या स्थानकाची खबर घेऊनच निघावे.

घराबाबतही सांगतो. चिखल काढण्यापूर्वी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेची आणि भिजलेल्या धान्याची छायाचित्रे काढून ठेवा, कारण पंचनाम्याला येणाऱ्यांना धुतलेल्या खोलीतून काहीच कळत नाही. जे पाण्यातून चालले असतील, विशेषतः ज्यांच्या पायाला जखम असेल, त्यांनी लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. लोकलचा पास मेट्रोत चालत नाही, म्हणून अशा दिवसाचे मेट्रोचे भाडे मंडळाच्या वर्गणीतून द्यावे, असा प्रस्ताव मी रविवारच्या बैठकीत मांडणार आहे.