रिमोटच्या एआरएफ ट्रेनर विमानाची फायरवॉल कटकट वाजतेय, परत पाठवू की घरीच पक्की करू?

खानापूर_बाल्सा: नमस्कार मंडळी. चाळीस साइझचा (०.४० घनइंच इंजिनाचा) हाय विंग ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं रिमोटचं विमान मागवलाय, एआरएफ (जवळजवळ तयार, थोडी जोडणी आपण करायची), स्पॅन म्हणजे पंखांची लांबी ६० इंचाच्या आसपास. दिसायला एकदम झकास पण नाकाला अंगठ्याने दाबलं की फायरवॉलपाशी (इंजिन बसवायची नाकातली लाकडी भिंत) कट् असा आवाज येतोय, आणि उजव्या पंखावर फिल्मला (वरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) सुरकुत्या आहेत. दुकानदार म्हणतो सगळ्यांचं असंच असतंय. परत पाठवायचा तर कुरियरमध्ये आणखी मोडेल ही भीती. ग्लो इंजिन (मिथेनॉल-तेलाच्या मिश्रणावर चालणारं छोटं इंजिन) लावणार आहे. काय करू सांगा की.

उद्यमबाग_लेथ: आवाजाचा व्हिडिओ काढून दुकानदाराला आजच पाठव, तो बदलून देत नसेल तर घरीच कर, अवघड काय बी नाही. लेसरने कापलेले लाइट प्लायचे तुकडे खाचेत इतके घट्ट बसतात की गोंद नसला तरी जोड पक्का वाटतो, आणि इंजिनचं कंपन लागलं की मग उघडतो. म्हणून रंग, स्टिकर बघून क्वालिटी ठरवू नको, टॉर्च घेऊन टाकीच्या खोलीतून आत बघ, गोंदाची रेघ सलग दिसली पाहिजे. जिथं तुटक दिसेल तिथं लाकूड पॉलिश पेपरने घास, तीस मिनिटात घट्ट होणारी इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) भर आणि आतल्या कोपऱ्यात बाल्सा या हलक्या लाकडाची तिकोनी पट्टी चिकटव. पाच मिनिटवाली नको, लाकडात मुरायच्या आधीच ती घट्ट होते. उघड्या लाकडावर, टाकीच्या खोलीत सुद्धा, पातळ इपॉक्सीचा हात मारायला विसरू नको कारण ग्लो फ्युएलमधलं तेल एकदा लाकडात मुरलं की पुढे कुठलाच गोंद धरत नाही. लँडिंग गिअरचा ठोकळा पण असाच तपास, आपल्याकडं भात कापलेल्या शेतात उतरवतो आपण, पहिला दणका त्यालाच बसतोय.

हिंडलगा_पायलट: लेथदादांचं बरोबर आहे पण इपॉक्सी हात राखून. नाकात थोडं जास्त झालं तर चालतंय, शेपटीला नको, शेपटी सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) लांब असते त्यामुळं तिथल्या एका ग्रॅमला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतंय. आणि शेपटीचंच एक काम लोक घाईत बिघडवतात. स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) बसवताना मधली फिल्म काढावीच लागते, इपॉक्सी फिल्मला धरत नाही, पण ती ब्लेडने कापली की खालच्या बाल्सावर चरा पडतो आणि स्टॅब हवेत नेमका तिथंच मोडतो. गरम सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने हलकी रेघ ओढ, फिल्म वितळून सुटते, लाकडाला काही होत नाही. एवढं एक माझं ऐकच.

निपाणी_ग्लायडर: सुरकुत्यांचं टेन्शन घेऊ नको, हवा बदलली की बाल्सा आक्रसतो, फुगतो आणि फिल्म सैल पडते, आपल्या पावसाळ्यानंतर तर हमखास. आधी इस्त्रीने कडा चिकटवून घे, मग मधला भाग ताण. एकाच बाजूने जास्त गरम केलास तर पंखाला पीळ पडतो, म्हणून वरून खालून आलटून पालटून फिरव आणि मधे मधे सपाट टेबलावर ठेवून बघ. सुरकुती राहिली तर विमान उडतंय, पीळ राहिला तर एका बाजूला ओढत राहतंय.

खानापूर_बाल्सा: टॉर्चने बघितलं, डाव्या बाजूला गोंद नावालाच आहे. दुकानदार बदलून देत नाही म्हणाला, घरीच करतो. हिंज (हलणाऱ्या भागांच्या बिजागऱ्या) कारखान्यातच घातलेत, त्यांना हात लावू का?

उद्यमबाग_लेथ: लाव की. प्रत्येक कंट्रोल सरफेस (पंखाचा, शेपटीचा हलणारा भाग) धरून जोरात ओढून बघ, जो जरा जरी सरकतो त्याला दोन्ही बाजूंनी हिंजवर पातळ सीएचे (सुपरग्लूचे) थेंब सोड. जाड सीए नको, ती आत शिरतच नाही. इंजिन माउंटच्या बोल्टना थ्रेडलॉक (कंपनाने बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) पण लाव.

हिंडलगा_पायलट: आणि उडवायला बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या बाजूला जाऊ नको, विमानतळ आहे, एअर फोर्स आहे. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर रेड झोन (परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेला भाग) बघ आणि मगच शेत ठरव. खानापूरच्या बाजूला मोकळं रान भरपूर आहे, पहिल्या फ्लाइटला सकाळी लवकर जा, दुपारी वारं लई सुटतंय.