तहसीलची नोटीस आलीये, "जाबदेणार क्र. 2" म्हणजे आरोपीच का?

बांधावरचा_बंड्या
मंडळी जरा मदत करा. आमच्या चुलत्यांचं आणि शेजारच्या रानवाल्यांचं रस्त्यावरून वाजलंय, म्हणजे ते म्हणतात आमची वहिवाट तुमच्या बांधावरनं आहे आणि चुलत्यांनी तिथं चारी मारून वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. शिवीगाळ, ढकलाढकली सगळं झालं, त्यांनी ठाण्यात जाऊन एनसी दिली. आता तहसीलची नोटीस आलीये त्यात चुलते जाबदेणार क्र. 1 आणि मी, जो त्या दिवशी तालुक्याला क्लासला होतो, जाबदेणार क्र. 2!! वर पोलीस पाटील सांगून गेले चॅप्टर पण होणारे. आजी रडायलाच लागली, पोरगा आरोपी झाला म्हणून. माझी पोलीस भरतीची मैदानी झालीये, नक्की गुन्हा दाखल झालाय का नाही ते सांगा.

कोर्टकचेरी
आजीला आधी चहा पाज. तीन कागद तीन जागचे आहेत, एकात कालवू नकोस.

एनसी म्हणजे अदखलपात्र. मारहाण-शिवीगाळीची जुनी 323, 504, आता न्याय संहितेत 115(2) आणि 352. पोलीस नोंद करतात आणि फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे जा म्हणतात, कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 174). एफआयआर वेगळा, तिथं तपास होतो आणि मग एकतर आरोपपत्र जातं नाहीतर अ, ब, क समरी, म्हणजे खटला न भरता प्रकरण बंद करायचा अहवाल. आणि आरोपपत्र गेलं तरी पुढे कोर्ट आरोप निश्चित करतं तेव्हा कुठं खटला उभा राहतो, पेपरवाले मात्र पहिल्याच दिवशी माणसाला फासावर देऊन मोकळे. तुझ्या बाबतीत यातलं काहीच नाही, फक्त एनसीत तुझं नाव घातलंय का ते ठाण्यात जाऊन बघ.

तहसीलची नोटीस बहुतेक मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5 ची असणार. रस्ता अडवल्यापासून 6 महिन्यांत हा दावा लावता येतो. तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करतील, पंचनामा होईल, अडथळा काढा असा हुकूम होऊ शकतो. यात आरोपी कोणी नसतं. हुकूम मोडला तर मात्र फौजदारी लागू शकते.

निवृत्त_अव्वल_कारकून
जाबदेणार हा आमच्या महसूलचा शब्द, ज्याने उत्तर द्यायचं तो. दिवाणी कोर्टात त्यालाच प्रतिवादी म्हणतात, ग्राहक आयोगात सामनेवाले, काही ठिकाणी गैरअर्जदार. बाळा, 7/12 वर तुझं नाव लागलंय का? असेल तर क्र. 2 का झालास ते तिथंच कळेल. गट सामाईक असला की सगळ्या हिस्सेदारांना पार्टी करावंच लागतं, भांडण कोणी का केलेलं असेना. तारखेला हजर राहा आणि म्हणणं लेखी दे, नाहीतर एकतर्फी होईल.

रानमेवा
आमच्या गावात जो तो "केस टाकीन" म्हणत फिरतो 😂 कुठं टाकली विचारलं की गप्प, निम्मे तर नुसते ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आलेले असतात

बांधावरचा_बंड्या
हो काका, वडील गेल्यावर वारसाने नाव लागलंय. मग चॅप्टरचं काय? आणि भरतीच्या पडताळणी फॉर्मात काय लिहू?

कोर्टकचेरी
चॅप्टर म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 107, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 126. जुन्या कायद्याच्या आठव्या चॅप्टरमध्ये होतं म्हणून ते नाव, नवीन कायद्यात नववा आहे पण ठाण्यात अजून चॅप्टरच चालतं. कार्यकारी दंडाधिकारी विचारतात की शांतता राखायचा बाँड तुमच्याकडून का घेऊ नये, जास्तीत जास्त 1 वर्षाचा. ही शिक्षा नव्हे. पण लोक कटकट नको म्हणून सही ठोकून येतात आणि काही फॉर्मात बाँडबद्दलही विचारलेलं असतं, तेव्हा तू तसं करू नकोस. क्लासची हजेरी काढून घे आणि मी तिथं नव्हतोच असं लेखी मांड.

फॉर्मात प्रश्न जसा आहे तसं खरं उत्तर लिही. 2016 साली सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर सांगितलंय, किरकोळ प्रकरण खरं लिहिलेलं असेल तर खात्याला विचार करता येतो पण लपवलेलं सापडलं की त्याच कारणावर नोकरी जाऊ शकते.

बांधावरचा_बंड्या
लय आभार. चुलते म्हणतात फांद्या काढणार नाही म्हणजे नाही, तूपण माझ्याच म्हणण्यावर सही कर.

निवृत्त_अव्वल_कारकून
अजिबात करू नकोस. तू क्र. 2 आहेस, तुझं म्हणणं वेगळ्या कागदावर दे, आणि पोच घे.