मदत हवी आहे: दिवाणी वकिलीतून एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) कामाकडे वळायचंय, अभ्यास कसा करावा?

वाळूज_वकील

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरला दिवाणी दावे आणि चेक बाउन्सची कामं करतो, सनद सहा वर्षं जुनी. एमआयडीसीतले पुरवठादार पक्षकार आता बुडीत बिलांसाठी ‘दिवाळखोरी संहितेखाली अर्ज टाका’ म्हणतात. काम घेण्याआधी नीट शिकायचंय. इन्सॉल्व्हन्सीची मर्यादित परीक्षा द्यावी, ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करावा, की नुसते निकाल वाचावेत? कोर्ट सांभाळून रोज दीड तास देऊ शकतो.

कलम_१३७

परीक्षेचं आधी मिटवू. एनसीएलटीसमोर उभं राहायला ती लागत नाही, सनद पुरते. ती इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल (बुडीत कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया चालवणारा व्यावसायिक) होणाऱ्यांसाठी आहे. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण वजा. वकिलाला नोंदणीसाठी दहा वर्षांचा अनुभव लागतो, आणि उत्तीर्ण झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल एजन्सीकडे सदस्यत्वाचा अर्ज करावा लागतो. म्हणजे सहाव्या वर्षी पास झालात तरी नोंदणीसाठी तो निकाल वाया जाणार. तिचा अभ्यासक्रम मात्र आयबीबीआयच्या (दिवाळखोरी मंडळ) संकेतस्थळावरून उतरवून घ्या, विषयांची यादी म्हणून उत्तम आहे.

नोंदणी झालेल्या प्रोफेशनलला दर कॅलेंडर वर्षात किमान १० आणि सलग तीन वर्षांत ६० तासांचं निरंतर शिक्षण सक्तीचं आहे. वकिलाला सनद टिकवायला असं काहीच बंधन नाही, आणि या शाखेत ते महागात पडतं. संहितेचा दिवाळखोरी प्रक्रियेचा भाग १ डिसेंबर २०१६ला लागू झाला, तेव्हापासून दुरुस्त्यांची रांग लागली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये लोकसभेत आणखी एक मोठं दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. बेअर ॲक्ट विकत घेताना त्यात कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या आहेत ते बघा, आणि अर्ज टाकायच्या दिवशी कलम पुन्हा संकेतस्थळावरून वाचा.

माझं ठाम मत असं की सुरुवात कोर्सने करू नका, संहितेच्या कलम ९च्या (पुरवठादाराचा अर्ज) एका पूर्ण फाइलीने करा. तुमचे पक्षकार पुरवठादार आहेत, म्हणजे ऑपरेशनल क्रेडिटर (माल किंवा सेवेचे पैसे येणं असलेले). कलम ८ची मागणी नोटीस फॉर्म ३ किंवा ४ मध्ये, मग दहा दिवस थांबणं, मग फॉर्म ५, सोबत २,००० रुपये शुल्क. कलम ७चा बँकेचा अर्ज वेगळा: फॉर्म १, शुल्क २५,०००, आणि अंतरिम प्रोफेशनलचं नाव संमतीसह द्यावंच लागतं. कलम ९मध्ये ते ऐच्छिक आहे.

दिवाणी वकिलाला सगळ्यात जड जातं ते हे, की इथे मुद्दे निघत नाहीत, साक्ष नाही, उलटतपास नाही. दाव्यात जे ‘पुढे पुराव्यात आणू’ म्हणून ठेवतो ते इथे पहिल्याच दिवशी अर्जाला जोडलेलं हवं. समोरच्याने नोटीस मिळण्याआधीचा एखादा ईमेल दाखवला, माल निकृष्ट आहे, वजन कमी भरलं, डेबिट नोट काढली, तर अर्ज तिथेच पडू शकतो. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा (२०१७) हा निकाल म्हणून दोनदा वाचा. वाद खरा की खोटा हे न्यायाधिकरण तपासत बसत नाही, तो नुसता पोकळ नाही ना एवढंच बघतं. त्यामुळे नोटीस लिहिण्यापूर्वी पक्षकाराचा सगळा पत्रव्यवहार स्वतः वाचा, व्हॉट्सॲपसकट. ‘तसं काही नाही साहेब’ यावर जाऊ नका.

कंपनीसचिव_पुणे

कागदांची बाजू सांगते. एक तक्ता करा: बिल क्रमांक, तारीख, देय तारीख, रक्कम, आलेले पैसे, बाकी, आणि ते बिल कुठल्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) दाखवलं. सीआयआरपी (कंपनी दिवाळखोरी निराकरण प्रक्रिया) विनियमांतल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर जीएसटीआर-१, जीएसटीआर-३बी चे उतारे आणि लागू असेल तिथे ई-वे बिल जोडायचं असतं. बिल एका रकमेचं आणि विवरणपत्रात दुसरी रक्कम असली की विरोधी वकील तिथेच बोट ठेवतात. नोटीस नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर गेली पाहिजे. कारखान्याच्या पत्त्यावर पाठवून चालत नाही, एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवरून त्या दिवशीचा मास्टर डेटा काढून पत्ता जुळवा. अर्जदार कंपनी असेल तर अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव अर्जावर सही होण्याआधीच्या तारखेचा हवा. त्रुटी निघाल्या तर दूर करायला सात दिवस मिळतात.

वाळूज_वकील

ताई, सर, खूप आभार. दोन पक्षकारांचं विचारतो. एकाची बाकी ६२ लाख. दुसऱ्याची १ कोटी ४० लाख, पण सगळी बिलं नोव्हेंबर २०२०ला देय होती. कंपनीने मार्च २०२३च्या ताळेबंदात मात्र ही बाकी दाखवली आहे. अर्ज करायची मुदत वाढते ना?

कलम_१३७

पहिल्याचा अर्ज चालणार नाही. २४ मार्च २०२०पासून किमान थकबाकी १ कोटी आहे, आधी १ लाख होती. पक्षकाराची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर एमएसएमई कायद्याच्या कलम १८ खाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा. तिथे कलम १६नुसार बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येतं. नोंदणी पुरवठ्याच्या आधीची आहे का ते मात्र तपासा.

दुसऱ्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. ताळेबंदातल्या कबुलीने मुदत वाढू शकते, बिशाल जयस्वाल (२०२१) वाचा, पण ताळेबंदाच्या टिपा आणि ऑडिटरचा शेरा बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका. संहितेच्या कलम १०अ ची आडकाठी मात्र मुदतीची नाहीच. २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या वर्षातल्या थकबाकीवर संहितेखाली कधीच अर्ज करता येत नाही. कबुलीने थकबाकीची मूळ तारीख बदलत नाही, ती नोव्हेंबर २०२०च राहते. फॉर्म ५ मध्ये सोयीची नवी तारीख टाकायचा मोह टाळा, तुमचीच बिलं तुमच्याविरुद्ध बोलतील.

देणं बुडालेलं नाही, व्यापारी न्यायालयात दावा करा. कबुलीची तीन वर्षं ताळेबंदावरच्या सहीपासून मोजा: सही सप्टेंबर २०२३ची असेल तर सप्टेंबर २०२६. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची आहे, पाटील ऑटोमेशन (२०२२) नंतर त्यात सूट नाही. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो.

परेड_कडचा

निकाल वाचनाबद्दल थोडं. आयबीबीआयच्या संकेतस्थळावर एनसीएलटीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचे आदेश फुकट आहेत. मुंबई पीठाचे, म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्याचे, कलम ९चे फेटाळलेले आदेश आधी वाचा. दाखल झालेल्यांपेक्षा त्यात जास्त शिकायला मिळतं. कलम ७साठी विदर्भ इंडस्ट्रीज (२०२२), म्हणजे थकबाकी असूनही अर्ज नाकारता येतो म्हणणारा निकाल, वाचून थांबू नका, सुरेश कुमार रेड्डी (२०२३) पण घ्या, नाहीतर अपवादालाच नियम समजून बसाल.

अपिलाची तारीख तर डायरीत लाल शाईने. एनसीएलएटीकडे (एनसीएलटीवरचं अपील न्यायाधिकरण) ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी १५, त्यापुढे माफीचा अधिकारच नाही. व्ही. नागराजन (२०२१) नुसार मोजणी आदेश जाहीर झाल्यापासून, प्रत हातात पडल्यापासून नव्हे. जाहीर झाल्याचा दिवस सोडा, आणि प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वगळून मिळतात, पण अर्ज केला असेल तरच. अर्जाची पोच फाइलीत सगळ्यात वर लावा.